करखात्याची नोटीस आली तर काय करावे?

जानेफळ, मेहकर भागात कापडाचा धंदा करणाऱ्या आम्हा मंडळींना करखात्याची सवय नव्हती. १९५७ पासून कापडावर विक्रीकराऐवजी जादा अबकारी शुल्क गिरणीतच घेतले जाई. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, कापडावर ५ टक्के कर लागला आणि आमच्या गल्ल्यावर वही आली. त्या वर्षी सुरतच्या कापड व्यापाऱ्यांनी मोठा बंद पुकारला. बंद मिटला, कर राहिला. आता नोटिसाही येतात.

नोटीस बहुधा एकाच कारणाची असते. आपण माल घेताना कर भरला, त्याची वजावट घेतली. पण भिवंडी-सुरतच्या ठोक व्यापाऱ्याने विवरणपत्रच भरले नाही. मग खाते तो कर आपल्याकडे मागते.

नोटीस आल्यावर घाबरू नये आणि गप्पही बसू नये. मार्ग असे आहेत.

पहिला मार्ग : मागणी रास्त असेल तर कर व व्याज लगेच भरावे. फसवणुकीचा आरोप नसेल, तर २०२३-२४ पर्यंतच्या वर्षांसाठी नोटिशीपासून ३० दिवसांत आणि २०२४-२५ पासूनच्या वर्षांसाठी ६० दिवसांत भरल्यास दंड लागत नाही. मात्र गिऱ्हाईकाकडून घेतलेला कर स्वतःजवळ ठेवला असेल, तर ही सवलत मिळत नाही.

दुसरा मार्ग : मागणी चुकीची असेल तर मुदतीत लेखी उत्तर द्यावे. सोबत बिल, बिल्टी आणि बँकेतून पैसे दिल्याचा पुरावा जोडावा. तोंडी खुलाशाला किंमत नाही.

तिसरा मार्ग : आदेश विरुद्ध गेला तर अपील. मुदत तीन महिने. सबळ कारण असल्यास आणखी एक महिना. मान्य असलेली रक्कम पूर्ण आणि वादातल्या कराच्या १० टक्के भरावे लागतात. समजा, १ लाखाच्या करापैकी ४० हजार मान्य आणि ६० हजार अमान्य आहेत. तर ४० हजार, त्यावरचे व्याज-दंड आणि ६ हजार भरावेत. बाकी वसुली अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबते. त्यापुढे न्यायाधिकरण आहे. तिथे आणखी १० टक्के भरावे लागतात.

चौथा मार्ग : एकरकमी भरणे जमत नसेल तर हप्ते मागावेत. जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते मिळू शकतात, पण व्याज चालू राहते. एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम एकदम देणे होते. म्हणून सीझनचा विचार करून, झेपेल तेवढाच हप्ता मागावा. स्वतःच्या विवरणपत्रात कबूल केलेल्या करासाठी हप्ते मिळत नाहीत.

पाचवा मार्ग अभय योजनेचा. पण तो कायम उघडा नसतो. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने जीएसटीपूर्वीच्या कायद्यांखालील वर्षाची २ लाखांपर्यंतची थकबाकी माफ केली आणि ५० लाखांपर्यंतची २० टक्के भरून मिटवली. जीएसटीच्या पहिल्या तीन वर्षांच्या, फसवणुकीचा आरोप नसलेल्या मागण्यांवरचे व्याज व दंड, मूळ कर ३१ मार्च २०२५ पर्यंत भरणाऱ्यांना माफ झाले. दोन्ही योजना संपल्या. पुढची येईल या आशेवर बसणारा व्याज वाढवतो.

आदेशाला तीन महिने उलटले आणि अपील नसेल, तर खाते बँकेला पत्र देऊन चालू खाते गोठवू शकते. ऐन रमजानच्या खरेदीत असे झाले तर उधारीवर माल कोण देईल?

आणि सर्वांत महत्त्वाचे. नोटीस आता पोस्टमन आणत नाही, ती पोर्टलवर येते. आपल्यापैकी अनेकांचा पासवर्ड हिशेबनिसाकडे आणि नोंदलेला मोबाईल नंबरही त्याचाच असतो. तीन महिने संपले तरी मालकाला पत्ता नसतो. नोंदणीत स्वतःचा नंबर घालावा आणि दर पंधरा दिवसांनी पोर्टल उघडून पाहावे. देणे असेल तर बेबाक करावे, नसेल तर मुदतीत भांडावे.