मगनवाडीचा हिशेबनीस

15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भूकंप झाला आणि राजेंद्रप्रसादांच्या मदत समितीकडे देशभरातून पैसा येऊ लागला. तो सांभाळायला एका मुरलेल्या हिशेबनिसाला पाटण्याला बोलावलं गेलं. त्यांनी स्वयंसेवकांचा जेवणखर्च माणशी रोज तीन आण्यांवर बांधून टाकला. पुढे गांधीजी आपल्या मंडळींसह पाहणीला आले, तेव्हा या हिशेबनिसांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांना स्पष्ट सांगितलं की, या मंडळींचं दूध, फळं आणि मोटारीचं पेट्रोल मदतनिधीतून भागणार नाही. निधी भूकंपग्रस्तांचा आहे, पाहुण्यांची सोय पाहुण्यांनी बघावी. गांधीजींनी ते मानलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचा सगळा कारभार त्यांनी याच माणसाच्या हाती दिला. ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. गावं उभी करायची तर आधी पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस हवा, हे गांधीजींनी ओळखलं होतं.

त्यांचं नाव जे. सी. कुमारप्पा. 1892 साली तंजावरच्या एका ख्रिस्ती कुटुंबात जन्म, लंडनमध्ये हिशेबतपासणीचं शिक्षण, मग मुंबईत ‘कॉर्नेलियस अँड दावर’ ही भागीदारीतली पेढी. 1927 ला ते अमेरिकेला गेले. कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन या नामांकित अर्थशास्त्रज्ञांच्या हाताखाली त्यांनी सरकारी जमाखर्चाचा अभ्यास केला आणि हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा माग काढत ते इंग्रजांच्या कर आणि खर्चाच्या धोरणापाशी पोचले. कुणाचं भाषण ऐकून नव्हे, आकडे तपासून ते राष्ट्रवादी झाले. तो प्रबंध छापण्याच्या खटपटीत मे 1929 मध्ये साबरमतीला गांधीजींची भेट झाली. विलायती पोशाखातले कुमारप्पा शेणाने सारवलेल्या जमिनीवर अवघडून बसले, आणि उठले ते एक काम पदरात घेऊन: खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी. गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी सोबत घेऊन त्यांनी 54 गावं पालथी घातली. कंपन्यांचे ताळेबंद तपासणारा माणूस शेतकऱ्याच्या घरात धान्य किती आलं, सावकाराकडे किती गेलं, बैल किती उरले हे टिपू लागला.

ग्रामोद्योग संघासाठी जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग आणि बंगला दिला. गांधीजींचे पुतणे आणि खादीच्या तंत्राचे जाणकार मगनलाल 1928 मध्ये वारले होते. त्यांच्या आठवणीने जागेला मगनवाडी म्हणू लागले. अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू, मंत्री कुमारप्पा, आणि त्यांचे धाकटे भाऊ भारतन मदतीला. एप्रिल 1936 मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जाईपर्यंत गांधीजींचा मुक्कामही इथेच होता. सोयाबीनपासून कडुलिंबाच्या पाल्यापर्यंत त्यांचे आहाराचे प्रयोग इथल्याच स्वयंपाकघरात चालत. मगनवाडी एकाच वेळी कार्यशाळा होती, शाळा होती आणि प्रयोगशाळाही. हातकागद, मधमाश्या, ताडगूळ, बिनधुराची मगन चूल, लाकडी घाणा असे उद्योग आवारात चालत आणि ग्रामसेवक विद्यालयात ठिकठिकाणचे तरुण ते शिकून आपापल्या मुलखात परतत. या पसाऱ्याला जोडणारं सूत्र कुमारप्पांच्या वहीत होतं. ते उलगडायला घाण्यापासून सुरुवात केलेली बरी.

झवेरभाई पटेलांनी सुधारलेला मगनवाडी घाणा तेव्हा नावाजलेला होता. आता एका शेतकऱ्याचा तीळ धरा. तो गिरणीला विकला की हातात रोख पैसे येतात आणि व्यवहार तिथे संपतो. तेल शहरात जातं, पेंड व्यापाऱ्याकडे जाते, कधी बोटीत बसून परदेशी जाते. गावात परत येतं ते डब्यातलं तेल, तेही पैसे मोजून. तोच तीळ गावच्या घाण्यावर गेला तर ताजं तेल घरात, मजुरी गावच्या माणसाला आणि पेंड गोठ्यात. पेंड खाल्लेल्या बैलाचं शेण उकिरड्यात, तिथून खत होऊन पुन्हा तिळाच्या शेतात. रोखीचा हिशेब फक्त पहिला व्यवहार पाहतो, आणि त्यात गिरणी स्वस्त पडते. कुमारप्पा खातं पूर्ण लिहीत. तेलबिया परदेशी पाठवणं म्हणजे जमिनीचा कस परदेशी पाठवणं, ही त्यांची मांडणी अशा पूर्ण लिहिलेल्या खात्यातून आली. हाडांबद्दलही ते हेच म्हणत. मेलेल्या जनावराची हाडं गोळा होऊन निर्यात व्हायची. ती गावातच दळून शेतात टाकली तर तेवढा स्फुरद घरचा घरी राहतो.

हिशेब शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीला बजावतात की भांडवल आणि उत्पन्न यांची गल्लत करू नये. मुद्दल मोडून चैन करणारी पेढी बाहेरून भरभराटीत दिसते आणि एक दिवस बसते. कुमारप्पांनी हा नियम उचलून निसर्गाला लावला. कोळसा, खनिज तेल, धातू ही त्यांच्या मते साठ्याची संपत्ती: काढली की कमी होणारी. ऊन, पाऊस, वाढतं झाड, जनावराचं बळ हा वाहता ओघ: वापरला तरी पुन्हा येणारा. साठ्यावर उभं राहिलेलं जगणं साठा आटला की भांडणावर आणि युद्धावर येतं, ओघावरचं जगणं टिकतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तुरुंगात असताना त्यांनी हा विचार ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या पुस्तकात सविस्तर मांडला. गांधीजींच्या प्रस्तावनेसह ते बाहेर पडलं. पण पुस्तकाच्या आधी मगनवाडीत या विचाराचा एक दिवा लागला होता, आणि तो शब्दशः दिवा होता. मगन दीप हा कंदिलाच्या धर्तीचा, पण रॉकेलऐवजी गावात निघणाऱ्या वनस्पती तेलावर जळणारा. रॉकेल हा साठा, करंजीचं किंवा निंबोळीचं तेल हा ओघ. कार्यशाळेत वात, काच आणि तेलाची धार यांच्याशी झुंजणारी माणसं एक आर्थिक सिद्धान्त हातात धरण्याजोगा करत होती.

जमिनीबाबत ते याहून धीट होते. शेतकऱ्याने काय पेरावं हे बाजारभावाने ठरवू नये, खाणाऱ्या तोंडांनी ठरवावं, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी एक लाख वस्तीचा पट्टा कल्पून कोष्टक मांडलं. माणशी रोज 16 औंस धान्य, 2 औंस डाळ, 2 औंस गूळ, 12 औंस दूध, 8 औंस भाज्या, शिवाय कंदमुळं, फळं, तेल, तूप. एकूण सुमारे 2860 उष्मांक. यात कपड्यापुरता कापूस धरून प्रत्येक पिकाला किती एकर लागतील ते काढलं आणि त्या प्रमाणात लागवडीचे परवाने द्यावेत असं सुचवलं. अंदाजपत्रक असंच बनतं: आधी गरज, मग तरतूद. उसाविषयीचं त्यांचं मत तर आज महाराष्ट्रात मोठ्याने वाचून दाखवावं असं आहे. गूळ लागतो ना, मग तो पडीक जागी, बांधावर उभ्या असलेल्या ताडा-शिंदीच्या नीरेपासून करा आणि ऊस अडवून बसलेली चांगली जमीन धान्याला, भाजीला मोकळी करा. ज्या जिल्ह्यांत उन्हाळ्यात टँकर येतात आणि शेजारी ऊस उभा असतो, तिथे हे कोष्टक अजून जुनं झालेलं नाही.

शिक्षण आणि लोकांचं आरोग्य हे मगनवाडीचे वेगळे विभाग नव्हते, याच साखळीतले दुवे होते. जवळच्या सिंदी गावात आश्रमाची मंडळी सकाळी सफाईला जात. मैला उचलून चर खणून मातीआड करायचा, म्हणजे रोगराई घटते आणि सोनखत तयार होतं. त्याच सुमारास अल्बर्ट हॉवर्ड यांच्या इंदूर पद्धतीच्या कंपोस्टचा प्रचार ‘हरिजन’ साप्ताहिकातून चालला होता. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवणाऱ्या नई तालीमचा आराखडा झाकिर हुसेन समितीने आखला. 30 डिसेंबर 1938 ला गांधीजींनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. याच काळात मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने कुमारप्पांना प्रांताच्या उद्योगांची पाहणी करायला सांगितली आणि त्यांच्या समितीने 606 गावांची माहिती जमवली. विदर्भातल्या शेतीवर बोलणाऱ्या प्रत्येकाने तो अहवाल चाळायला हवा.

या वहीतलं एक पान मात्र मला अपुरं वाटतं. गाव हे एक कुटुंब धरून कुमारप्पा जमाखर्च मांडत. पण हाडं गोळा करणारा कोण, कातडं सोलणारा कोण, मैला पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या डोक्यावर आणि पेंड कुणाच्या गोठ्यात, हे जातीने ठरत होतं. गावात राहिलेला पैसा गावातल्या कुणाकडे राहिला, हा प्रश्न त्यांच्या साखळीला विचारावाच लागतो. जमिनीच्या मालकीच्या बाबतीत त्यांनी तो स्वतः विचारलाही. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या काँग्रेसच्या कृषिसुधार समितीने 1949 च्या अहवालात मधले जमीनदार हटवा, कसणाऱ्याला जमीन द्या, धारणेला कमाल मर्यादा घाला असं स्पष्ट सांगितलं. मैल्याच्या आणि कातड्याच्या खात्यापर्यंत ती धार पोचली नाही.

स्वातंत्र्यानंतर देशाने धरणं, पोलाद आणि रासायनिक खतांची वाट धरली. कुमारप्पा पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी वर्ध्याजवळच्या सेलडोहला गेले. तिथे त्यांनी पन्नई आश्रम काढला, बैलाच्या बळावरची, आपलं खत आपणच बनवणारी, खाण्यापुरतं सगळं पिकवू पाहणारी शेती. प्रकृतीने साथ दिली नाही. 1953 च्या सुमारास ते मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टीच्या गांधी निकेतन आश्रमात राहायला गेले. तिथल्या झोपडीत एका गरीब शेतकऱ्याचं चित्र होतं. हे माझ्या गुरूचे गुरू, असं ते येणाऱ्याला सांगत. 30 जानेवारी 1960 ला ते गेले.

मगनवाडी चालू आहे. एका बाजूला केंद्र सरकारची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, दुसऱ्या बाजूला मगन संग्रहालय समितीचं नैसर्गिक रंगांच्या खादीचं आणि सेंद्रिय शेतीचं काम. आणि महाराष्ट्रभर अशा किती तरी छोट्या संस्था आहेत ज्यांच्याकडे थोडी जमीन, थोडी गुरं, शिकायला येणारी मुलं आणि गावासाठीचा एखादा दवाखाना किंवा बचत गट असतो. माती पुन्हा जिवंत करणाऱ्या या शेतीवर आता बरंच लिहिलं जातं. तिचे हिशेब लिहिणाऱ्यांकडे मात्र कुणी बघत नाही, आणि त्यांचं काम सोपं नाही. शेतमालाच्या विक्रीला आयकराचा एक नियम, प्रशिक्षणाच्या फीला दुसरा, देणगीला तिसरा. धर्मादाय आयुक्तांकडे ठरावीक नमुन्यात ताळेबंद द्यायचा. देणगीदाराने विहिरीसाठी दिलेला पैसा बियाण्यावर खर्च झाला तर तो बाजूला काढून दाखवायचा. एकच बैलजोडी सकाळी संस्थेचं शेत नांगरते आणि दुपारी मुलांना औत धरायला शिकवते. तिच्या चाऱ्याचा खर्च शेतीवर टाकायचा की शिक्षणावर? चांगला हिशेबनीस या प्रश्नाचं उत्तर मार्चअखेरीस घाईघाईने देत नाही. तो जूनमध्येच शेतावर जाऊन कामाचे तास टिपायची वही कुणाच्या तरी हाती देतो.

खरी अडचण शेणाची आहे. युरियाच्या पोत्याला बिल असतं, म्हणून ते खर्चात दिसतं. गोठ्यातल्या गाडीभर शेणखताला बिल नाही, व्हाउचर नाही, म्हणून पुस्तकात त्याची किंमत शून्य. दहा वर्षं खपून ज्या संस्थेने जमिनीचा कस वाढवला तिचा ताळेबंद जमीन खरेदीच्या किमतीलाच दाखवतो, आणि जिने तो घालवला तिचाही तसाच. म्हणजे मुद्दल वाढवणारा आणि मुद्दल खाणारा, दोघे कागदावर सारखेच. आजच्या कायद्यात ताळेबंदाच्या आकड्यांमध्ये माती घुसवता येत नाही आणि घुसवूही नये, त्यातून फुगवलेले आकडे निघतील. पण जोडपत्र लावायला कुणाची आडकाठी नाही. 2015 पासून सरकार जी मृदा आरोग्य पत्रिका देतं तिच्यात 12 घटक तपासलेले असतात आणि सेंद्रिय कर्ब त्यांपैकी एक आहे. ती पत्रिका, वर्षभरात घरच्या उकिरड्यातून शेतात गेलेल्या गाड्या, विकत आणलेल्या खताची पोती, विहिरीची मेअखेरची पातळी आणि शिकून गेलेल्या मुलांची नोंद, एवढं एका पानावर मावतं. लेखापरीक्षकाच्या सहीसाठी जाणाऱ्या फाइलला ते पान दरवर्षी जोडावं, आणि वार्षिक सभेत नफातोट्याच्या आधी ते वाचून दाखवावं.