लालबागेतला खडक आणि रेणू नसलेले द्रव्य

जयनगराच्या उत्तर हद्दीवरून निघालेला मनुष्य रमतगमत चालला तरी थोड्याच वेळात लालबागेत पोहोचतो, आणि तेथे केंपेगौडांचा बुरूज माथ्यावर घेऊन पसरलेला जो बोडका खडक त्याच्या दृष्टीस पडतो, त्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे आहे. शहाजीराजांची जहागीर, टिपूचा अंमल, इंग्रजांची छावणी, हे सारे त्याच्या दप्तरी कालपरवाचे. म्हैसूर संस्थानच्या भूविज्ञान खात्यातील डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी १९१६ साली या जातीच्या खडकास ‘पेनिन्सुलर नाइस’ असे नाव दिले.

शालेय रसायनशास्त्रातील ‘महाकाय सहसंयुज रचना’ हे प्रकरण बहुधा हिऱ्यापासून सुरू होते, आणि हिरा तर बहुसंख्य विद्यार्थ्यांनी हाती धरलेला नसतो. माझ्या मते ते अशा खडकापासून सुरू करणे अधिक श्रेयस्कर. त्याच्या फिकट पट्ट्यांत काचेसारखे चमकणारे राखी कण क्वार्ट्झचे, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइडचे असतात. सूत्र पाहता कार्बन डायऑक्साइड हे त्याचे सख्खे भावंड वाटावे. परंतु कार्बनचा अणू दोन ऑक्सिजनांशी दुहेरी बंध जुळवून आपला प्रपंच तीन अणूंतच आटोपतो, आणि हे सुटे रेणू परस्परांना इतके क्षीण धरून असतात की घनरूप कार्बन डायऑक्साइड उणे ७८ अंशांवरच वायुरूप होतो. सिलिकॉनच्या थोराड अणूस असे दुहेरी बंध मानवत नाहीत. तो चार दिशांना चार ऑक्सिजनांशी एकेरी बंध करतो, त्यांतील प्रत्येक ऑक्सिजन पलीकडच्या दुसऱ्या सिलिकॉनशी बांधला जातो, आणि ही बांधणी कणाच्या कडेपर्यंत अखंड चालते. सुटा काढून दाखवावा असा रेणूच येथे नाही. सूत्र म्हणजे केवळ एकास दोन या प्रमाणाची नोंद. क्वार्ट्झ वितळविण्यास १७०० अंशांच्या आसपास उष्णता लागते ती यामुळेच, कारण तेथे प्रत्यक्ष बंधच तोडावे लागतात.

हा आकडा विद्यार्थी पाठ करतात. परंतु बंधाची खरी कसोटी पाऊस पाहतो. याच खडकातील फेल्स्पार या खनिजाची चौकटही सिलिकॉन-ऑक्सिजनचीच, मात्र काही सिलिकॉनांच्या जागी ॲल्युमिनियम बसल्यामुळे विद्युत्भाराचा जो तोटा येतो तो भरून काढण्यास सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियमचे आयन तिच्या पोकळ्यांत ठेवावे लागतात. किंचित आम्लधर्मी पावसाचे पाणी नेमके हे आयन काढून नेते, चौकट ढासळते, आणि मागे चिकणमाती उरते, जिला काळ्या अभ्रकातील लोह गंजून तांबडा रंग देते. क्वार्ट्झमध्ये काढून नेण्याजोगा आयनच नसल्याने तो वाळू होऊन शिल्लक राहतो. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात क्वार्ट्झचे असे कण जवळजवळ नसतात; म्हणून त्यापासून झालेल्या देशावरच्या काळ्या जमिनीत चिकणमातीचाच भरणा अधिक.

हिऱ्यासाठीही बंगळूर सोडण्याचे कारण नाही. १९३३ साली येथे आलेले सर चंद्रशेखर वेंकट रामन हिऱ्यांच्या अभ्यासात वर्षानुवर्षे रमले, आणि हिऱ्याच्या जालकातील, म्हणजे अखंड बांधणीतील, अणूंच्या कंपनांविषयी मॅक्स बॉर्न यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला, ज्यात शास्त्रज्ञांचा कौल अखेर बॉर्न यांच्या बाजूने पडला. हिऱ्यात कार्बनचे चारही संयुजा इलेक्ट्रॉन बंधांत गुंतलेले असल्याने वीज वाहत नाही. उष्णता मात्र तांब्याच्या सुमारे पाचपट सुलभतेने वाहते, कारण ताठर जालक कंपने दूरवर पोहोचविते. ग्रॅफाइट त्याच मूलद्रव्याचे, पण तेथे प्रत्येक अणूचे तीनच बंध. चौथा इलेक्ट्रॉन थरभर मोकळा हिंडून वीज वाहतो, आणि थराथरांतील आकर्षण इतके दुर्बळ की पेन्सिल कागदावर सहज उमटते. ‘महाकाय म्हणजे कठीण’ हे गाइडांतले समीकरण येथेच निकालात निघते.

१९५४ साली जालहळ्ळीस भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना निघाल्यापासून ज्या उद्योगाने या शहराचा चेहरा पालटला, त्याचे मूळ द्रव्यही क्वार्ट्झच. विद्युत्भट्टीत कोळसा त्याचा ऑक्सिजन हिरावून घेतो व सिलिकॉन उरते, ज्याची अणुरचना हुबेहूब हिऱ्याची. फरक इतकाच की त्याचे बंध लांब आणि काहीसे सैल असल्याने नेहमीच्या तापमानालाही मोजके इलेक्ट्रॉन सुटतात. आणि दहा लाख अणूंत एखादाच फॉस्फरसचा मिसळला, तर त्याच्या पाचांपैकी चार इलेक्ट्रॉन बंधांत खर्ची पडून पाचवा वीज वाहण्यास मोकळा राहतो.