निळी बाळं आणि जन्मभराचा पॅच

काही बाळं ओठांवर, नखांवर निळसर झाक घेऊनच जन्मतात. फुप्फुसांकडची वाट अरुंद, हृदयाच्या पडद्याला भोक; त्यामुळे अशुद्ध रक्त तसंच शरीरभर फिरतं.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. ब्लेलॉक यांनी अशा एका चिमुरडीच्या हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीला जोडली. कल्पना डॉ. हेलन टॉसिग यांची. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून त्या बाळांचे ठोके बोटांनी तपासत! ब्लेलॉकांच्या मागे स्टुलावर उभं राहून टाके कसे घ्यायचे ते सांगत होते व्हिव्हियन थॉमस. सुतारकाम शिकलेले, कॉलेजची पायरी न चढलेले कृष्णवर्णीय तंत्रज्ञ. ही शस्त्रक्रिया त्यांनीच आधी कुत्र्यांवर बसवली होती. हॉपकिन्सची मानद डॉक्टरेट मिळाली ती थेट १९७६ साली. ती मुलगी काही महिन्यांनी गेली, पण वाट सापडली होती.

आज हे भोक पॅच लावून बुजवतात. मुलं मोठी होतात, संसार करतात. पण पॅच लावला म्हणजे काम संपलं असं नसतं, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कुणी सांगायला नको. पुढे झडप गळू शकते, ठोके बिघडू शकतात. म्हणून तपासणी जन्मभर. बालहृदयतज्ज्ञांचा दवाखाना सुटला की नेमकी तीच राहून जाते. आपल्या देणगीतला काही भाग म्हणूनच आम्ही शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्यांसाठी ठेवतो आहोत.