इफ्तारीच्या ताटामागचे काटे

मगरिबच्या अजानला अजून अर्धा तास असतो. दस्तरखान अंथरलेला असतो. बशीत खजूर, जगमध्ये गुलाबाचे सरबत आणि फळांवर पिळायला लिंबाच्या फोडी. रोजेदारांची नजर घड्याळावर असते. त्यामुळे या तिन्ही वस्तूंमधले साम्य सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. खजूर, गुलाब आणि लिंबू, तिन्ही काटेरी झाडांनी दिलेले आहेत.

गुलाबाचा काटा सगळ्यांच्या ओळखीचा. खजुराचा काटा मात्र आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नसतो. तो कसा असतो हे पाहायचे तर ओढ्याकाठची शिंदी पाहावी. शिंदी ही खजुराची जवळची बहीण. तिच्याच पानांची केरसुणी दिवाळीत लक्ष्मी म्हणून पुजली जाते. दोघींच्याही झावळीच्या बुडाशी पाने कडक होऊन बोटाएवढे काटे बनतात. खजुराच्या बागेत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. चांगले फळ धरावे म्हणून माणूस झाडावर चढतो आणि नराचा फुलोरा मादीच्या फुलोऱ्यात हाताने बांधतो. त्याआधी झावळ्यांचे काटे कापून वाट करावी लागते. एका खजुरामागे एवढी मेहनत असते.

गुलाबाचेही तसेच. राजस्थानात पुष्कर हे ब्रह्मदेवाच्या मंदिराचे गाव. तिथले शेतकरी सुगंधी देशी गुलाब पिकवतात. नाग पहाड ओलांडला की अजमेर. पुष्करची फुले तिथे ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्या मजारवर वाहिली जातात आणि पुष्करच्या मंदिरांतही चढतात. फूल कुठे जाणार, हे झाडाला ठाऊक नसते. खुडणाऱ्यांना मात्र पहाटेच शेतात उतरावे लागते, कारण ऊन चढले की सुगंध उडू लागतो. अशा एक किलो गुलाबतेलासाठी साधारण 3 ते 4 टन फुले लागतात. ती सगळी हातानेच खुडलेली असतात आणि त्या हातांवर ओरखडे असतात.

मराठीत आपण सगळ्यांना काटाच म्हणतो, पण झाडागणिक तो वेगळा असतो. गुलाबाचा काटा सालीतून येतो, म्हणून आडवा दाबला की सहज निघतो. लिंबाचा काटा म्हणजे पानाच्या बगलेतली आखडलेली फांदीच, तो सहजी निघत नाही. काम मात्र एकच, कोवळा पाला आणि शेंडा चरणाऱ्या जनावरांपासून वाचवणे. काटा कुणाच्या अंगावर धावून जात नाही. तो आपल्या जागी उभा असतो.

हदीसमध्ये रोज्याला ढाल म्हटले आहे. रोजेदाराने वाईट बोलू नये, आणि कुणी भांडायला आलाच तर ‘माझा रोजा आहे’ एवढेच सांगावे, अशी शिकवण आहे. म्हणजे ही ढाल आधी स्वतःच्या जिभेपासून वाचवणारी आहे. प्रत्यक्षात दुपारचे चार वाजले की अनेक घरांत उलटेच घडते. भूक आणि तहान लागलेली असते आणि रागाला ‘रोजा लागला’ हे निमित्त मिळते. फळवाल्याशी हुज्जत होते, मुलांवर आवाज चढतो, सालनात मीठ कमी पडले म्हणून स्वयंपाकघरात बोल लावले जातात. तिथे चुलीपाशी उभी असलेली बाईही सहेरीपासून उपाशीच असते, हे विसरले जाते. ढालीचा काटा होतो, आणि तो जवळच्याच माणसाला टोचतो.

लिंबाच्या झाडाची एक गोष्ट इथे आठवण्यासारखी आहे. बीपासून वाढवलेल्या रोपावर लहानपणी काटे फार असतात. झाड वयात येऊन फळू लागले की नव्या फांद्यांवरचे काटे कमी होत जातात. महिनाभराच्या रोज्यांनी माणसाचेही असेच व्हावे, ही अपेक्षा आहे.

ईदच्या नमाजपूर्वी फितरा द्यायचा असतो, गरजूच्या घरीही ईद व्हावी म्हणून. तो हिशेब लोक चोख ठेवतात. महिन्याभरात आपले बोलणे कुणाला टोचले, हा हिशेब मात्र ज्याचा त्यानेच करायचा असतो. आज अजान होऊन पहिला खजूर तोंडात जाईल, तेव्हा त्याला सुरुवात करता येईल.