हिरवळीची हजामत

गाणे शिकविणाऱ्या माणसाने गवतावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या घरात सनईची पत्ती आणि गवत कापायचे यंत्र एकाच ओसरीवर, एकाच फडक्याने पुसले जात असे, त्या घरात माझा जन्म झाला. त्यामुळे या दोन गोष्टी माझ्या मनात कधी फार दूर राहिल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या हाताने आमच्या अंगणातील हिरवळ जवळजवळ मारून टाकली होती. त्या अपराधाची ही कबुली आहे आणि त्यातून जे शिकलो ते चार जुन्या घरांच्या उपयोगी पडावे एवढाच हेतू आहे.

आमचे अंगण काही मोठे नव्हे. तीस फूट लांब, वीस फूट रुंद. एका अंगाला कडुनिंब, दुसऱ्या अंगाला तुळशीवृंदावन, मधे हिरवळ. वडील, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणत असू, १९४५ साली वयाच्या सोळाव्या वर्षी बडोद्याच्या दरबारी चाकरीत लागले. काम काय, तर काका सनई वाजवीत आणि नाना मागे बसून नुसता सूर धरीत. चारच वर्षांनी, १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारचे दिवस संपले. नानांजवळ त्या दिवसांची दोनच चीजवस्तू उरली. एक काकांची सनई आणि दुसरी ही हिरवळ.

हिरवळ ती कशी? तर लक्ष्मीविलास राजवाड्याच्या बागेत काम करणारा एक माळी नानांचा स्नेही होता. हा राजवाडा १८९० साली पुरा झाला आणि त्याच्या बागांची आखणी विल्यम गोल्डरिंग नावाच्या इंग्रज उद्यानतज्ज्ञाने केली, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्या बागेच्या कडा छाटताना निघालेल्या हरळीच्या काड्या माळ्याने एका पोत्यात भरून नानांना दिल्या. नानांनी त्या अंगणात लावल्या. मी नानांचे उतारवयातले अपत्य. मला आठवते तेव्हापासून ती हिरवळ होतीच. कोजागिरीला तिच्यावर सतरंज्या पडत, दूध आटे आणि पहाटेपर्यंत बैठक चाले.

हरळी म्हणजेच आपल्या गणपतीच्या दूर्वा. शेतकरी तिला शत्रू मानतो आणि आपण तिची जुडी देवाला वाहतो. दोघांचेही खरे आहे. जमिनीवरून आणि जमिनीखालून तिची काडी सरपटत जाते आणि प्रत्येक पेरापाशी मूळ धरते. म्हणून ती कापणी सोसते. वरून शेंडा खुडला की खालून फुटवे येतात, जाळी दाट होते आणि तणाला जागा उरत नाही. हिरवळ कापायची ती नुसती दिसण्यासाठी नव्हे, तर अशी दाट व्हावी म्हणून. मात्र सोसते म्हणून वाटेल तसे कापावे, असे नाही.

नानांनी जुन्या बाजारातून हाताने ढकलायचे, फिरत्या पात्यांचे एक यंत्र आणले होते. या यंत्राचा जन्म मोठा गमतीचा आहे. इंग्लंडात स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने ते १८३० साली केले. कल्पना सुचली ती कापड गिरणीतल्या लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून! पुढे मोठ्या बागांसाठी अशी यंत्रे जनावरांकडून ओढवू लागले. आग्र्याला ताजमहालासमोरच्या हिरवळीवर बैल असे यंत्र ओढीत असल्याची छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील.

नाना ओसरीवर डोळे मिटून बसत आणि मी यंत्र ढकलीत असे. पाते चांगले असले की त्याचा आवाज सर्र असा एकसारखा येतो. बोथट झाले की तो अडखळतो. "थांब, सूर फाटला," असे ओसरीवरून ऐकू आले की मी थांबायचो. मग नाना यंत्र उलटे करून पात्यावर कागदाची पट्टी धरीत आणि हाताने ते फिरवीत. पट्टी कात्रीने कापावी तशी स्वच्छ कापली गेली पाहिजे. मुडपली किंवा फाटली की पाते जुळवून घ्यायचे. सनईची पत्ती तासतानाही त्यांची तीच तऱ्हा होती. जरा तासायची, वाजवून बघायची, पुन्हा जरा तासायची. "जास्त राहिले तर काढता येते रे, गेलेले लावता येत नाही," असे ते म्हणत. मी हे हजार वेळा ऐकले आणि नाना गेल्यावर साफ विसरलो.

त्या वर्षी पाऊस लांबला. माझ्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा आल्या. चारपाच आठवडे यंत्राला हात लागला नाही आणि गवत चांगले वीतभर, सहा इंच वाढले. कोजागिरी उद्यावर आली. मी सकाळी उठलो, दवाने ओल्या गवतावर तेच यंत्र घातले, पाती शेवटची केव्हा जुळविली होती ते देव जाणे, आणि सहा इंचांचे गवत एका दमात एक इंचावर आणले. यंत्र अडत होते, मी रेटत होतो. कापलेल्या ओल्या गवताचे गोळे जागोजाग पडले. आईने ओसरीवरून पाहिले आणि एवढेच म्हणाली, "अरे, तुळशीपाशी येऊ नकोस. तिथल्या दूर्वा माझ्या आहेत." तो हातभर कोपरा तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळी आली तेव्हा सतरंजीच्या कडेने जे दिसत होते ते गवत नव्हते, काड होते. आतल्या भुऱ्या काड्या उघड्या पडल्या होत्या आणि उरल्यासुरल्या पानांची टोके चिंध्यांसारखी पांढरी झाली होती. नानांच्या वेळचे एक वयोवृद्ध रसिक बसता बसता हाताने जमीन चाचपून म्हणाले, "काय हो, हिरवळ आजारी आहे वाटते?" त्या रात्री माझा सूर काही लागला नाही.

वाटले, महिन्याभरात सावरेल. परंतु हरळी हे उन्हाचे आणि उबेचे गवत आहे. थंडीच्या रात्री सुरू झाल्या की तिची वाढ मंदावते. पौष-माघात तिने काही उचल घेतली नाही. उघड्या पडलेल्या जागी नागरमोथा डोके काढू लागला. फाल्गुनात दादा, माझे थोरले बंधू, पुण्याहून आले. त्यांनी अंगणाकडे पाहिले आणि म्हणाले, "आता हे पुरे. फरशी घालून टाकू. मोटारही आत उभी राहील. नानांच्या हयातीत बोललो नाही, पण आता कोणासाठी सांभाळायचे?" घर दोघांचे. त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हते असेही नाही. मी एवढेच म्हणालो, "एक पावसाळा जाऊ द्या." आई काही बोलली नाही, पण संध्याकाळी तिने त्या माळ्याच्या मुलाला निरोप पाठविला.

हे माळीकाका आता सत्तरीत आहेत. हयात बागकामात गेली. आले, उकिडवे बसले, मातीत बोट खुपसले, एक काडी उपटून मूळ पाहिले.

"मास्तर, आजार नाही हा. उपास घडलाय हिला."

"म्हणजे काय काका?"

"पान म्हणजे हिची चूल. तुम्ही चूलच उचलून फेकलीत. मग मुळांनी खायचे काय?"

पुढे त्यांनी जो हिशेब सांगितला तो प्रत्येक हिरवळवाल्याने ओसरीच्या भिंतीवर लिहून ठेवावा. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्सा कापायचा, त्याहून अधिक नाही. घरच्या हरळीला दीड इंच उंची पुरे. तेव्हा ती सव्वादोन इंच झाली की कापायची. पावसाळ्यात ही वेळ पाचसात दिवसांनी येते, थंडीत महिना महिना येत नाही. कापणी ठरवायची ती वारावरून नव्हे, उंचीवरून. आणि माझ्यासारखे दुर्लक्ष होऊन गवत सहा इंच वाढलेच, तर आधी चार इंचांवर आणायचे. चारपाच दिवस जाऊ द्यायचे. मग पावणेतीनवर, पुन्हा चारपाच दिवसांनी पावणेदोनवर. माझे जे काम एका सकाळी उरकले ते खरे पाहता दोन आठवड्यांचे होते.

माळीकाकांना हे बापाकडून आले. पुढे मी वाचले तेव्हा कळले की शास्त्रही हेच सांगते. अमेरिकेच्या शेतकी खात्याने १९५५ साली एफ. जे. क्रायडर यांचे गवताच्या मुळांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पानांचा मोठा भाग, निम्म्याहून बराच अधिक, एकदम कापला की मुळांची वाढ काही दिवस थांबते, असे त्यांत दिसून आले. वरचे कापले की खालचे थांबते. मुळे आखूड झाली की गवत ऊन सोसत नाही आणि रिकाम्या जागेत तण शिरते.

दुसरी गोष्ट पात्याची. यंत्रात एक पाते स्थिर असते आणि फिरती पाती त्याला घासून कात्रीसारखी कापतात. ती बोथट किंवा सैल असली की गवत कापले जात नाही, फाटते. फाटलेले टोक वाळून पांढरे पडते, त्यातून ओलावा जातो आणि रोगालाही वाट मिळते. काकांनी पात्यांना घासायची रवाळ पेस्ट लावून ती उलटी फिरविली, धुतली आणि स्थिर पात्याशी जुळवून दिली. मग कागदाची पट्टी धरली. ती कापली गेल्याचा आवाज ऐकून आई आतून बाहेर आली.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. ओले गवत कापू नये. दव वाळू द्यावे, आणि उन्हाळ्यात भर दुपारी कापण्याऐवजी ऊन कलल्यावर कापावे. आधी अंगणातले खडे आणि निंबाच्या काटक्या वेचाव्यात, नाहीतर पाते जाते. या खेपेस उभे कापले तर पुढच्या खेपेस आडवे कापावे. रोज एकाच वाटेने यंत्र गेले की गवत एका बाजूला झुकते आणि चाकांच्या चाकोऱ्या पडतात. तिसऱ्या हिश्शाचा नियम पाळला तर कापलेले बारीक गवत उचलूच नये. ते जागेवर कुजते आणि वर्षाला लागणाऱ्या नत्राचा सुमारे चौथा हिस्सा मातीला परत देते. गोळे पडले तर मात्र उचलावे, कारण त्यांच्याखाली गवत गुदमरते. झाडाच्या सावलीत गवत अर्धा इंच अधिक उंच ठेवावे, कारण तिथे ऊन कमी, म्हणून पान जास्त हवे. आणि पाणी रोज शिंपडण्यापेक्षा चार दिवसांनी खोल द्यावे, म्हणजे मुळे पाण्यामागे खाली जातात.

आता उघड्या पडलेल्या जागांचे काय करायचे? मी म्हणालो, "रोपवाटिकेतून हिरवळीच्या लाद्या आणू." काका तुळशीकडे बोट दाखवून म्हणाले, "घरात असताना विकत कशाला? वहिनीसाहेबांनी राखलेय की!" खरेच, आईच्या दूर्वांचा तो कोपरा हिरवागार होता. पहिला पाऊस पडला तसे त्यांनी तिथल्या लांब काड्या काढल्या, दोनतीन पेरांचे तुकडे केले आणि वीतवीतभर अंतरावर टोकून लावले. नागरमोथा गाठीसकट खणून काढला. महिनाभर यंत्र लावू दिले नाही. पहिली कापणी केली तीही नुसता शेंडा. श्रावण सरता सरता जमीन दिसेनाशी झाली.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. ज्या आश्विनात मी ही हजामत केली, त्याच महिन्यात माझ्याकडे एक मुलगी गाणे शिकत होती. गळा उत्तम, पण उच्चार, लय, बसणे सगळ्यात काही ना काही दोष. परीक्षेच्या आधी एका बैठकीत मी तिचे सगळे दोष एकदम काढायला बसलो. दोन तासांनी ती काही न बोलता तंबोरा कोपऱ्यात ठेवून गेली. पुन्हा आली नाही. गवत परत आले. आता नव्या विद्यार्थ्याचा एका वेळी एकच दोष काढतो आणि पुढचा काढायला आठ दिवस थांबतो. त्या मुलीला हे सांगायचे राहून गेले.

गणपतीला दादा आले. आईने तुळशीपाशी वाकून एकवीस दूर्वांच्या जुड्या खुडल्या. आरती झाल्यावर दादा चपला काढून अंगणात उतरले, बराच वेळ अनवाणी फिरले. फरशीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. रात्री जेवताना एवढेच विचारले, "यंदा कोजागिरी कोणत्या वारी येते रे?"

असो. यंत्र आता महिन्यातून एकदा ओसरीवर उलटे होते. कागदाची पट्टी मी धरतो, पण आवाज ऐकायला आई बसते.