कपाटावरचा एक्स-रे

जेऊरला उतरले की आत्या स्टेशनवर उभी असणार, हे ठरलेलं. गेल्या दिवाळीत मात्र ती दिसलीच नाही. घरी पोचले, तर बाईसाहेब तीन उशा रचून पलंगावर बसलेल्या. "दमा हाय गं, जुनाच हाय. आडवं पडवत न्हाय."

कपाटावर एक्स-रेचं भलंमोठं पाकीट धूळ खात होतं. दोन वर्षांपूर्वीचं. रिपोर्टमध्ये 'हृदयाचा आकार नॉर्मल', मग कोण कशाला उघडतंय? मी रजा वाढवली आणि आत्याला, पाकिटासकट, पुण्याच्या गाडीत बसवलं.

हृदयरोगतज्ज्ञांनी आधी स्टेथोस्कोप लावला, मग फिल्म उजेडावर धरली. म्हणाले, "यात झडप दिसत नाही. तिने केलेले उद्योग दिसतात."

ते असे. मोठ्या माणसाच्या हृदयाची रुंदी साधारण छातीच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावी. आत्याचं हृदय या मापात बसत होतं. पण मायट्रल झडप अरुंद झाली, की सगळं हृदय फुगतंच असं नाही. ताण येतो तो तिच्यामागच्या डाव्या वरच्या कप्प्यावर. तो फुगला की उजव्या कडेला सावलीत दुसरी सावली दिसते आणि डाव्या कडेची खाच भरून ती सरळ होते. रक्त मागे तुंबलं, की फुप्फुसांच्या तळाशी बारीक आडव्या रेघा उमटतात. तिन्ही खुणा त्या जुन्या फिल्मवर होत्या!

"लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते?" डॉक्टरांनी विचारलं. आत्या चमकलीच. दहाव्या वर्षी गुडघे धरले होते तिचे. घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा हा रूमॅटिक ताप झडपांना कायमची इजा करून जातो.

शिक्कामोर्तब केलं टू-डी इकोने. निरोगी मायट्रल झडप ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. आत्याची जेमतेम १. मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन ती मोकळी केली. आता आत्या पुन्हा स्टेशनवर येते, आणि गाडी लेट झाली म्हणून मलाच झापते.

एवढं लक्षात ठेवा

• एक्स-रे नॉर्मल म्हणजे झडप नॉर्मल, असं नाही. चालताना दम लागतो, आडवं झोपवत नाही, छाती धडधडते? डॉक्टरांना इकोबद्दल विचारा.

• जुनी फिल्म फेकू नका. नव्या फिल्मशी ताडून बघता येते.

• पुढच्या वीकएंडला गावी जाल, तेव्हा घरच्यांच्या कपाटावरही एक नजर टाका.