जुने विमान, जादा टाकी आणि सरकारी शिक्का

शारजा शहरातील अल मजाज हा भाग तेथे नोकरीधंद्यासाठी राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या चांगल्या परिचयाचा आहे. खालिद सरोवराचा काठ, संध्याकाळी उडणारी कारंजी आणि फिरायला आलेली लेकुरवाळी मंडळी असे तेथले दृश्य. आम्ही तेथे आप्तांकडे उतरलो असता एका सकाळी फिरत फिरत जवळच्या अल कासिमिया भागात गेलो. तेथील किंग अब्दुल अझीझ रस्ता पाहून आश्चर्य वाटले. कुठे वळण नाही, वाक नाही. सुतळी ताणावी तसा सरळ! आमच्याबरोबर यजमानांचे शेजारी होते. मूळचे रत्नागिरीकडचे हे गृहस्थ, सारी उमेद विमानदुरुस्तीत घालवलेले. ते हसून म्हणाले, "पाहुणे, तुम्ही जुन्या धावपट्टीवरून चालताहात."

आणि ते खरेच होते. १९३२ साली इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन ते कराची या आपल्या हवाई मार्गावर शारजाला थांबा केला. प्रवाशांना रात्री मुक्काम करता यावा म्हणून जाड भिंतींचे किल्लेवजा विश्रामगृह बांधले. १९७७ साली विमानतळ शहराबाहेर गेला, धावपट्टीचा रस्ता झाला, आणि २००० साली त्या विश्रामगृहात 'अल महट्टा' हे संग्रहालय सुरू झाले. आत जुनी विमाने उभी आहेत. ती पाहताना आमच्या मनात सहज आले की असे एखादे लहान जुने विमान आजही येथून उडवत मुंबईला नेता येईल काय? यजमानांचे शेजारी म्हणाले, "येईल की! पण पेट्रोल किती नेणार, ते आधी सांगा."

या एका प्रश्नात केवढा पसारा दडला आहे ते त्यांच्याकडून समजले. तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम जुन्या काळाची थोडी ओळख. ज्या ऑक्टोबर १९३२ मध्ये शारजाच्या वाळूवर इम्पीरियलची विमाने उतरू लागली, त्याच महिन्याच्या १५ तारखेला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरले. भारताच्या स्वतःच्या हवाई टपालसेवेची ती सुरुवात. त्यांचे विमान 'पस मॉथ', डी हॅविलँड कंपनीचे, एका इंजिनाचे. या उड्डाणाची आठवण म्हणून १९८२ साली ७८ वर्षांच्या जे. आर. डीं.नी त्याच घराण्यातले 'लेपर्ड मॉथ' स्वतः चालवीत कराचीहून मुंबई गाठली. पुढे १५ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या आरोही पंडित या तरुण वैमानिकेने भुजहून जुहूपर्यंत लहान विमानाने उड्डाण करून त्या मार्गाला पुन्हा उजाळा दिला. सांगायचे एवढेच, की जुन्या वाटेने लहान विमान नेण्याची हौस अजून जिवंत आहे.

आता हिशेब पाहू. याच घराण्यातले 'जिप्सी मॉथ' घ्या. १९२८च्या सुमाराचे हे उघडे, दोन बैठकांचे विमान. त्याच्या वरच्या पंखाच्या मध्यभागी टाकी असते, तीत सुमारे ८६ लिटर पेट्रोल मावते. तासाला साधारण २० लिटर जळते आणि वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे वारा अनुकूल असला तरी पाचशे-साडेपाचशे किलोमीटरनंतर टाकी कोरडी. आपल्या मॉरिशसहून रॉड्रिग्ज सुमारे ६०० किलोमीटर दूर. मूळ टाकीवर निघालेला वैमानिक रॉड्रिग्जची टेकडी दिसण्याआधीच समुद्रात जाईल, आणि वाटेत टेकायला एक खडकही नाही! शारजा ते मस्कत सुमारे ३५० किलोमीटर, ते जमेल. पण मस्कत ते कराची समुद्रावरून सुमारे ९०० किलोमीटर आहे.

"मध्ये कोठे उतरून पेट्रोल का घेऊ नये?" असे आम्ही विचारले. त्यावर समजले ते असे. आजची मोठी विमाने रॉकेलच्या जातीच्या इंधनावर चालतात. जुन्या पिस्टन इंजिनाला 'ॲव्हगॅस' नावाचे खास पेट्रोल लागते आणि ते बहुतेक मोठ्या विमानतळांवर मिळत नाही. आखातात तर ते दुर्मीळच. भारतातही हे पेट्रोल बाहेरून आणावे लागे. इंडियन ऑइलने ते देशात तयार करून २०२२ साली बाजारात आणले. तेव्हा जुन्या विमानाने लांब जायचे तर शिदोरी बरोबर घेणे भाग. ती शिदोरी म्हणजेच जादा टाकी.

मस्कत-कराचीला सात तास लागतील, त्याचे १४० लिटर. समोरचा वारा आणि अडीअडचण यांसाठी आणखी दोन तासांचे ४० धरा. एकूण १८०. घरची टाकी ८६ लिटरची, तेव्हा सुमारे ९५ लिटर जादा हवे. लिटरला साधारण ७२० ग्रॅम या हिशेबाने ते ६८ किलो झाले. टाकी, नळ्या, पट्टे मिळून आणखी १२ किलो धरले, तर भार ८० किलो. म्हणजे एका धट्ट्याकट्ट्या माणसाएवढा! जिप्सी मॉथमध्ये एकटा वैमानिक मागच्या बैठकीवर बसतो. पुढची रिकामी बैठक गुरुत्वमध्याच्या जवळ असते. तेथे टाकी बसवली तर विमानाला जणू एक उतारूच मिळाला. हीच टाकी कोणी मागे, सामानाच्या जागी बसवील, तर शेपूट जड होऊन विमान वर उचलताच त्याचा तोल जाईल. शिवाय उतारू मुक्कामी पोहोचेपर्यंत तेवढाच राहतो, पेट्रोल मात्र तासातासाला कमी होते. म्हणून टाकी भरलेली, अर्धी आणि रिकामी, अशा तिन्ही वेळचा तोल कागदावर मांडून दाखवावा लागतो.

एमी जॉन्सन या इंग्रज तरुणीने मे १९३० मध्ये असेच जादा टाक्यांचे जिप्सी मॉथ एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला नेले. वाटेत तिने बंदर अब्बास आणि कराची हे मुक्काम केले. खालच्या टाकीतले पेट्रोल वरच्या टाकीत चढवायला ती उडता उडता हातपंप मारीत असे. एवढी तयारी असूनही कराचीहून पुढे जाताना पेट्रोल पुरेना, तेव्हा तिला झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले! झाशीचे नाव आपल्याला अभिमानाचे. तिला त्या दिवशी ते जिवाच्या आधाराचे झाले.

परवानगीचे प्रकरण येथून सुरू होते. पुष्कळांचा समज असा की ज्या देशावरून उडायचे त्याने टाकी मंजूर करावी. तसे नाही. विमानाची नोंदणी ज्या देशात असेल त्या देशाचे विमान खाते टाकी तपासते. संयुक्त अरब अमिरातीत हे काम जनरल सिव्हिल एव्हिएशन ॲथॉरिटीकडे, भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे. वाटेवरच्या देशांची परवानगी वेगळी. १९४४च्या शिकागो करारानुसार पूर्ण उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र असलेल्या विमानाचा दाखला इतर देश मानतात. पण जुनी विमाने पुष्कळदा 'परमिट टू फ्लाय' या मर्यादित परवान्यावर उडतात, आणि त्यांना वाटेतल्या प्रत्येक देशाची स्वतंत्र संमती काढावी लागते. एका देशाचे उत्तर आले नाही तर सारा मार्ग अडतो.

दुसरी अडचण नकाशांची. आजच्या विमानाला काही जोडायचे तर कारखान्याला पत्र टाकता येते. येथे कारखानाच राहिलेला नाही. मॉथ विमानांच्या सुदैवाने इंग्लंडात डक्सफर्ड येथे 'डी हॅविलँड सपोर्ट' ही संस्था त्यांचे जुने नकाशे व जबाबदारी सांभाळते. मूळ कारखान्याने त्या काळी दिलेल्या टाकीचा नकाशा सापडला तर काम पुष्कळ सोपे होते. न सापडला तर सारे गणित नव्याने सिद्ध करावे लागते.

सिद्ध काय करायचे? विमान आपटले तर भरलेली टाकी सुटून वैमानिकाच्या अंगावर येता कामा नये, म्हणून पट्टे व खिळे तिच्या वजनाच्या अनेक पटींचा झटका सोसतील हे दाखवायचे. टाकीत हवा शिरायला वाट हवी, नाहीतर पेट्रोल उपसताच पत्रा आत चेपतो. आणि ती वाट विमानाच्या बाहेर उघडली पाहिजे, म्हणजे वाफ बैठकीत साचत नाही. ठिणगी पडू नये म्हणून टाकी विमानाच्या सांगाड्याला तारेने जोडायची. इंजिनाला मिळणारे पेट्रोल त्याच्या जास्तीत जास्त गरजेपेक्षा भरपूर अधिक वाहते हे मोजून दाखवायचे. अमेरिकेच्या नियमांत पंपाने येणारा प्रवाह सव्वापट आणि उंचावरून आपोआप येणारा दीडपट असावा लागे. मग विमान काट्यावर चढवायचे, गळती पाहायची, एकाने केलेले काम दुसऱ्याने तपासायचे, चाचणी उड्डाण करायचे आणि सारे नोंदवहीत उतरवायचे. एवढे झाले की शिक्का. तोही बहुधा ठरलेल्या मार्गापुरता आणि ठरलेल्या मुदतीपुरता.

हे ऐकून आम्ही म्हणालो, "म्हणजे टाकी दोन दिवसांची आणि कागद सहा महिन्यांचे!" त्यावर त्या गृहस्थांनी आम्हांला आखाताकडे बोट करून एक हकिकत सांगितली. १ मार्च १९४० रोजी इम्पीरियलच्याच काफिल्यातले 'हॅनिबल' हे विमान इराणच्या जास्कहून शारजाकडे निघाले. विमानात ८ माणसे होती. त्यांत मद्रास इलाख्याचे माजी मंत्री सर ए. टी. पन्नीरसेल्वम हेही होते. ते विमान शारजाला आलेच नाही. ना अवशेष मिळाले, ना कारण कळले. अंतर फार नव्हते, विमान चार इंजिनांचे होते, आणि चालवणारे नित्याचे होते. समुद्र कोणाची नोंदवही विचारीत नाही. म्हणून ती जमिनीवरच विचारून घ्यावी लागते.

तरी सरकारी दारात माणूस कसा झिजतो याचेही उदाहरण आपल्याच मराठी मुलखात आहे. मुंबईच्या कांदिवलीत कॅप्टन अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. पण नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडले आणि उड्डाणाचा परवाना २०१९ साली हाती आला. विमान बांधण्याइतकीच चिकाटी कागदांनाही लागली. कसून तपासणे हे खात्याचे कर्तव्यच आहे. पण काय सिद्ध करायचे हे आरंभीच लेखी सांगणे हेही कर्तव्यच. जेथे ते होते तेथे माणूस नियम पाळतो. जेथे होत नाही तेथे एखादा रात्रीतून टाकी बसवून निघून जाण्याच्या मोहात पडतो, आणि धोका तेथेच असतो.

१९३३ साली आपल्या मों शुआझीच्या मैदानावरून रियुनियनला पहिले विमान गेले, त्याची खूण तेथे आजही उभी आहे. आपल्या मुलांपैकी कोणाला पुढेमागे जुने विमान घेऊन रॉड्रिग्जला किंवा त्याही पलीकडे जावेसे वाटले, तर शारजाच्या त्या शेजाऱ्यांचा सल्ला येथे नोंदवून ठेवतो. टाकी विकत घेण्याआधी विमान काट्यावर चढवावे. तिन्ही वेळचा तोल कागदावर मांडावा. तो कागद घेऊन खात्यात जावे आणि विचारावे, "आणखी काय दाखवू?" उत्तर लेखी घ्यावे. आणि मग, ते म्हणाले, "पाहुणे, जाण्यापुरते पेट्रोल सगळेच मोजतात. वारा फिरला तर माघारी यायचे किती, ते आधी मोजा."